संगणकाची सालीना वर्गणी आणि आमची संमती

वर्धा जिल्ह्यात सालगडी ठेवण्याची रीत आमच्या वाचकांस सांगावयास नको. गुढीपाडव्यास साल संपते. त्या दिवशी मालक व गडी समोरासमोर बसतात, मागील सालाचा हिशोब फिटला किंवा नाही ते पाहतात, आणि पुढील सालाचे धान्य किती व रोख किती, हे दोघांच्या तोंडून ठरल्यावाचून नवे साल चालू होत नाही. गतसाली राहिला म्हणून याही साली राहिलाच, असे मालक धरून चालत नाही. आणि गतसाली अमुक दिले म्हणून यंदा न विचारता त्याच्या सातपट काढून घेतो, असे गडीही म्हणत नाही. लेखी करार नसतो, तथापि दरसाल नव्याने विचारणे हाच त्या व्यवहाराचा कणा होय.

इतका चोख व्यवहार ज्या शेतकऱ्यास ठाऊक आहे, त्याच्याच बँकेच्या खात्यातून आज दरसाल न विचारता रकमा जात आहेत, आणि त्या कशाबद्दल जातात हेही पुष्कळांस ठाऊक नाही. या रकमा संगणकाची निगा राखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या होत. संगणकातील केरकचरा काढणे, त्याची गती वाढविणे, त्यात शिरलेले विषाणू मारणे, अशी कामे आपण करतो असे ही सॉफ्टवेअरे म्हणवितात. शेतीच्या मासिकात हा विषय कशास, असे कोणी विचारील. परंतु सातबाराचा डिजिटल सहीचा उतारा, महाडीबीटीवरील अनुदानाचा अर्ज, मुलांचा अभ्यास आणि संस्थेचे हिशोब, ही सर्व कामे संगणकावर आल्यापासून ते यंत्र आमच्या ओसरीवर औताइतकेच रुळले आहे. औताच्या फाळाची जशी चौकशी करावी, तशीच याचीही केली पाहिजे.

आमचा स्वतःचा अनुभव प्रथम सांगतो. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून नुकतेच निवृत्त झालो. शिक्षण मराठी शाळेतले, तेही बेताचे. धाकट्या कन्येच्या अभ्यासाकरिता घरी संगणक घेतला. २०२४ च्या जून महिन्यात एके सायंकाळी त्याच्या पडद्यावर तांबडी पट्टी झळकली. यंत्रात शेकडो दोष सापडले आहेत, ते त्वरित दूर न केल्यास सर्व कागदपत्रे नष्ट होतील, आणि दुरुस्तीस केवळ ३९९ रुपये लागतील, असा तिचा आशय कन्येने वाचून सांगितला. आम्ही घाबरलो. बँकेचे कार्ड काढले, मोबाइलवर आलेला ओटीपी घातला, तांबडी पट्टी जाऊन हिरवी आली, आणि काम झाले असे समजून आम्ही निश्चिंत झालो.

पुढील साली, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर आम्ही बियाणे घेण्यास कृषी केंद्रात गेलो. खात्यात बियाण्यापुरतीच रक्कम मुद्दाम राखून ठेवली होती. दुकानदाराने कार्ड यंत्रात घातले, ते नामंजूर झाले. पुन्हा घातले, पुन्हा नामंजूर. मागे रांगेत गावचीच माणसे उभी होती. आयुष्यभर दुसऱ्याची बाकी लिहिणाऱ्या माणसास त्या दिवशी आपल्या नावावर उधारी लिहून घ्यावी लागली. घरी येऊन पाहतो तो दोन दिवसांपूर्वी खात्यातून २,८९९ रुपये त्या सॉफ्टवेअरच्या नावे गेलेले. २०२५-२६ सालाकरिता बीटी कपाशीच्या बोलगार्ड-दोन बियाण्याच्या पाकिटाची सरकारने ठरविलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. म्हणजे त्या रकमेत तीन पाकिटे येऊन वर १९६ रुपये शिल्लक राहिले असते.

त्या व्यापाऱ्याचे नाव आम्ही येथे देत नाही. कारण एका व्यापाऱ्याची निंदा करणे हा या लेखाचा हेतू नाही. तसेच यात आमची चूक काहीच नव्हती असेही आम्ही म्हणत नाही. भयाने घाई केली, ही आमची चूक. परंतु कन्येने जुने कागद उघडून पाहिले तेव्हा असे दिसले की, ३९९ हा आकडा मोठ्या ठळक अक्षरांत होता, आणि त्याच्या खाली, करड्या रंगात, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, ही पहिल्या सालाची सवलत असून पुढे त्या वेळच्या दराने दरसाल आपोआप नूतनीकरण होईल, असे लिहिले होते. आम्ही ओटीपी दिला तो ३९९ रुपयांचा म्हणून दिला. प्रत्यक्षात तो पुढील सर्व सालांचा मुखत्यारनामा होता. पहिल्या सालाची किंमत ही त्या मालाची किंमतच नव्हे. ती गळाला लावलेली आंबोण होय. खरी किंमत दुसऱ्या सालापासूनची, आणि नेमकी तीच झाकून ठेवलेली.

येथे व्यापाऱ्याची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. तो म्हणेल की, विषाणू रोज नवे निघतात, त्यांवरील उपाय रोज धाडावे लागतात, हे काम एकदाच करून संपणारे नाही; मग वर्गणी दरसाल घेतली तर त्यात अन्याय कोणता? शिवाय मुदत संपल्यावर ग्राहक विसरला तर त्याचा संगणक उघडा पडेल. म्हणून आपोआप नूतनीकरण हे त्याच्याच सोयीचे. यातील पहिला भाग आम्हांस मान्य आहे. विजेचे देयक आपण पुनःपुन्हा भरतोच, पीकविम्याचा हप्ताही दर हंगामास भरतो. सालीना वर्गणी हा दोष नव्हे. दोष आहे तो ती न सांगता, न विचारता घेण्यात. आणि सोयीचे म्हणाल, तर ज्याच्या सोयीकरिता हे केले त्यासच ते ठाऊक नाही, अशी सोय आम्ही उभ्या नोकरीत पाहिली नाही.

‘तुम्ही हरकत घेतली नाही, म्हणून तुमची संमती आहे,’ हा या सर्व व्यवहाराचा पाया आहे. मौन म्हणजे संमती हे तत्त्व आमच्या महसूल खात्यासही अपरिचित नाही, म्हणून त्यासंबंधी दोन शब्द अधिकाराने लिहितो. शेतजमीन विकली गेली की तलाठी फेरफार नोंदवितो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीवर लागते व ज्यांचा हितसंबंध आहे त्या सर्वांस लेखी सूचना जाते. १५ दिवसांत कोणाची हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, तिची चौकशी होते. न आली तरच नोंद प्रमाणित होण्याचा मार्ग मोकळा होतो. येथेही मौन म्हणजे संमती. परंतु मौनापूर्वी सूचना आहे, ती मराठीत आहे, ती पोचल्याची सही आहे, आणि विचार करावयास मुदत आहे. या चार गोष्टी असतील तरच मौनास संमतीचा अर्थ येतो. त्या काढून टाकल्या तर उरते ते केवळ माणसाचे अज्ञान. आणि अज्ञानास संमती म्हणणे हा न्याय नव्हे.

कोणी विचारील की सरकारने यासंबंधी काहीच केले नाही काय? केले आहे, आणि ते वाचकांस ठाऊक असावे म्हणून सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या ऑगस्टमध्ये कार्डावरील अशा आवर्ती वसुलीसंबंधी परिपत्रक काढले, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याची अंमलबजावणी सक्तीने सुरू झाली. त्याप्रमाणे प्रथम परवानगी देताना ओटीपीसारखी दुहेरी खातरजमा पाहिजे. रक्कम कमीअधिक होणारी असेल तर कमाल किती हे खातेदाराने ठरवावयाचे. आणि प्रत्येक वसुलीच्या निदान २४ तास आधी व्यापाऱ्याचे नाव, रक्कम व दिनांक यांसह सूचना खातेदारास गेली पाहिजे. ती पाहून तो ती वसुली किंवा सर्व परवानगीच रद्द करू शकतो. मात्र ठराविक मर्यादेखालील रकमेस दर वेळी नवा ओटीपी लागत नाही. ही मर्यादा आरंभी २,००० रुपये होती, ती वाढत जाऊन जून २०२२ मध्ये १५,००० करण्यात आली. आमचे २,८९९ रुपये याच दारातून निघून गेले.

मग आम्हांस सूचना आली नव्हती काय? आली होती. खोटे कशास लिहावे? कन्येने मोबाइल चाळला तेव्हा वसुलीच्या आदल्या दिवशीचा संदेश सापडला. तो इंग्रजीत होता, आणि कर्ज घ्या, सोने ठेवा, बक्षीस लागले, अशा पंचवीस-तीस संदेशांच्या मध्ये दडून गेला होता. तेव्हा बँकेने सूचना धाडली नाही असे आम्हांस म्हणता येत नाही. परंतु रिझर्व्ह बँकेच्या त्याच परिपत्रकात असेही म्हटले आहे की, ही सूचना स्पष्ट, निःसंदिग्ध व समजेल अशा भाषेत असावी. समजेल अशा भाषेत, म्हणजे कोणास समजेल? धाडणाऱ्यास, की ज्याचे पैसे जाणार आहेत त्यास? वर्धा जिल्ह्यातील मराठी शाळेत शिकलेल्या खातेदारास इंग्रजी संदेश धाडून ‘सूचना दिली’ असा शेरा मारणे, हे वाचता न येणाऱ्या खातेदाराच्या दारावर नोटीस डकवून निघून जाण्यासारखे आहे. कागदावर काम पुरे होते. माणसापर्यंत काहीच पोचत नाही.

दुसरा उपाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने केला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये या प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून, संगणक व मोबाइलच्या पडद्यावर ग्राहकास फसविणाऱ्या १३ रीतींची नावे घेतली व त्यांस मनाई केली. त्यांतील तीन आमच्या विषयास अगदी लागू पडतात. वर्गणी सुरू करणे सोपे व बंद करणे कठीण करून ठेवणे, ही एक. सॉफ्टवेअरची वर्गणी ग्राहकास नकळत पुनःपुन्हा वसूल करीत राहणे, ही दुसरी. आणि संगणकात विषाणू आहे असे खोटेच भासवून त्यावरील बनावट औषध विकणे, ही तिसरी. तांबड्या पट्टीची गोष्ट आठवा, म्हणजे या तिन्ही रीती एकाच घरात कशा नांदतात ते कळेल.

ही व्याधी आमच्याच देशातली आहे असे मात्र नव्हे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवाद्यांनी २००९ साली सिमँटेक व मॅकॅफी या दोन मोठ्या कंपन्यांविरुद्ध, आपोआप होणाऱ्या नूतनीकरणाची माहिती ग्राहकांस नीट दिली नाही, अशी चौकशी केली. तेव्हा दोघींनी प्रत्येकी ३,७५,००० डॉलर देऊन तडजोड केली. ब्रिटनच्या बाजार-नियंत्रक संस्थेने २०२१ साली मॅकॅफी व नॉर्टन यांजकडून, नूतनीकरणानंतर वर्गणी सोडणाऱ्या ग्राहकास उरलेल्या मुदतीचे पैसे परत देण्याची हमी घेतली. यांहून लक्षात ठेवण्याजोगे प्रकरण २०१९ सालचे. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाच्या दुकानांत संगणकाची फुकट तपासणी करून मिळे. तपासणीपूर्वी ग्राहकास चार प्रश्न विचारीत. संगणक मंद चालतो काय, अशा तऱ्हेचे. तेथील व्यापार आयोगाचा आरोप असा होता की, त्यांपैकी एकासही होकार दिला की तपासणीत काहीही निघो, विषाणूची लक्षणे आढळली असाच निकाल पडद्यावर येई. ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर व सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या सपोर्ट डॉट कॉम कंपनीने एक कोटी डॉलर तडजोडीने भरले. ज्या वैद्याचा दवा विकावयाचा आहे त्यानेच नाडी पाहून रोग सांगितला तर किती विश्वास ठेवावा, हे यावरून ठरवावे.

आमच्या जिल्ह्याच्या जुन्या इतिहासातही याचे उदाहरण आहे. वर्धा मध्यप्रांतात असताना १९३४ साली तेथे सावकारांसंबंधी कायदा झाला. सावकाराने प्रत्येक ऋणकोचा हिशोब नियमित ठेवावा व दरसाल त्याचा उतारा ऋणकोस द्यावा, असे बंधन त्यात घातले होते. व्याज घेऊ नये असे कायदा म्हणत नव्हता. लपवून घेऊ नये, असे म्हणत होता. कर्ज काढणाऱ्यास आपल्या नावावर काय चढते ते दरसाल कळले पाहिजे, हे तत्त्व आमच्या आजोबांच्या काळी मान्य झाले. त्यास नव्वदांहून अधिक वर्षे लोटली. मग ज्याने कर्जच काढले नाही, केवळ एक सॉफ्टवेअर घेतले, त्याच्या नातवास तेवढाही उतारा मिळू नये काय?

आता कर्तव्याचा भाग. आमच्या शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी आजच कराव्या, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिली गोष्ट अशी की, बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर ई-मँडेट, ऑटोपे अथवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन या नावाखाली आपण दिलेल्या परवानग्यांची यादी असते. यूपीआयच्या ॲपमध्येही ऑटोपेची निराळी यादी असते. ती उघडवून पाहावी. स्वतःस जमत नसेल तर घरातील शिकलेल्या मुलाकडून किंवा बँकेच्या शाखेत जाऊन पाहावी. मात्र अनोळखी माणसाच्या हाती मोबाइल देऊ नये. जी परवानगी ओळखीची नाही ती रद्द करावी.

दुसरी गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाही. संगणकातून सॉफ्टवेअर काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद होत नाही. भाड्याच्या खोलीस कुलूप लावल्याने भाडे थांबत नाही, तसेच हे. सॉफ्टवेअर काढणे निराळे व वर्गणी रद्द करणे निराळे. दोन्ही करावी, आणि रद्द केल्याची पावती जपून ठेवावी.

तिसरी गोष्ट, तांबडी पट्टी दिसली म्हणून घाबरू नये. विंडोज असलेल्या संगणकात विषाणूंपासून रक्षण करणारी व केरकचरा काढणारी साधने आधीच घातलेली असतात. त्यांस निराळे मोल पडत नाही. विंडोज १० ची नियमित दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबविली, हे खरे. परंतु जो संगणक त्यामुळे जुना झाला, त्यास झाडूपोछा करणारे सॉफ्टवेअर घेऊन नवा करता येत नाही. घरचे बी उगवत असेल तर उगवणशक्ती पाहून तेच पेरावे, हे आपण जाणतोच.

चौथी गोष्ट, वहीत चार रकाने आखावे: घेतल्याचा दिनांक, पहिल्या सालाची रक्कम, दुसऱ्या सालाची रक्कम, आणि बंद करण्याची रीत. तिसरा व चौथा रकाना भरता येत नसेल तर ते सॉफ्टवेअर घेऊच नये. व्यापारी ज्याचे उत्तर देत नाही, तेथेच त्याची कमाई आहे असे समजावे.

रक्कम गेलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार देता येते. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकास स्वतः राहतो त्याच ठिकाणच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे, म्हणजे मुंबई-बंगळूरच्या खेपा नकोत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस फी लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे. आम्ही १९१५ वर तक्रार दिली, आणि सुमारे पाच आठवड्यांनी रक्कम खात्यात परत आली. तोपर्यंत पेरणी आटोपून कपाशीची खुरपणी चालू होती.

पैसे परत मिळाले, मग हा लेख कशास, असे आमच्या एका स्नेह्याने विचारले. आमचे उत्तर असे की, आमच्या घरी इंग्रजी वाचणारी कन्या होती म्हणून मिळाले. ज्याच्या घरी ती नाही, त्याचे दरसाल जातच आहेत. आणि त्यास बियाण्याच्या दुकानात कार्ड नामंजूर का झाले, हे कधी कळणारही नाही. तो आपल्यालाच दोष देईल, किंवा नशिबास.

म्हणून केवळ सावध राहा एवढे सांगून आम्हांस थांबता येत नाही. आमची मागणी दोन गोष्टींची आहे. विकताना दुसऱ्या सालाची रक्कम पहिल्या सालाच्या रकमेशेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापली जावी. आणि वसुलीपूर्वीची सूचना खातेदाराच्या भाषेत, निदान पंधरा दिवस आधी यावी. तिला होकार आला तरच रक्कम जावी, न आला तर जाऊ नये. फेरफारास जी मुदत आहे ती पैशास का नसावी? आपल्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत या अर्थाचा ठराव मांडून तो रिझर्व्ह बँकेकडे व ग्राहक प्राधिकरणाकडे धाडावा, आणि तत्पूर्वी संस्थेच्या कार्यालयातील संगणकाच्या अशा परवानग्यांची यादी सभासदांपुढे ठेवावी, अशी आमची चालकांस विनंती आहे. संस्थेचा पैसा सर्वांचा. तो कोणाच्या मौनावर जाता कामा नये.

येत्या पाडव्यास सालगड्याशी बोलणी करावयास बसाल, तेव्हा त्याच बैठकीत मोबाइलही उघडा, आणि आपल्या नावावर आणखी कोणकोण साल धरून बसले आहेत, तेही पाहून घ्या.